खांद्याची शिवण कुठे बसते ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, उंची साडेपाच फूट, वजन 71 किलो, पोट थोडं सुटलेलं. बार्शीहून पुण्यात नोकरीला आलात, हिंजवडीला रोज दुचाकीने जाता. वर्षभरात कपड्यांवर 18-20 हजार घातले. शर्ट सगळे नावाजलेल्या ब्रँडचे, 40 साईझचे. तरी ऑफिसातली एक सहकारी सहज बोलून गेली, ‘थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखे वाटतात.’ ते मनाला लागलं. आता विचारताय, पुरुषांच्या रोजच्या कपड्यांत नेमक्या चुका कुठे होतात, रंग कोणते घ्यावेत आणि ब्रँड बदलावा का.

मी 31 वर्षं जेंट्स टेलर आहे. सुरुवात काज-बटणापासून केली, मग कटिंग शिकलो, आता सांगलीत स्वतःचं दुकान आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत नवीन शिलाई कमी झाली आणि रेडीमेड कपड्यांचं आल्टरेशन वाढलं, त्यामुळे तुमच्यासारखी तक्रार घेऊन आठवड्याला चार-पाच जण तरी माझ्या टेबलासमोर उभे असतात. म्हणून रंग आणि ब्रँडचं शेवटी सांगतो. तुमच्या सहकारी बाईंनी नकळत अचूक निदान केलंय. थोरल्या भावाच्या कपड्यांचं कापड चांगलं असतं, रंगही चांगला असतो, फक्त माप दुसऱ्याचं असतं. तुमचंही तेच झालंय.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात. खांदे सरळ आहेत की उतरते, पोट बेंबीच्या वर सुटलंय की खाली, ऑफिसात शर्ट खोचायची सक्ती आहे का, यावर उत्तर थोडं इकडे-तिकडे होतं. जिथे होतं तिथे सांगेन.

आधी तो 40 चा आकडा. बहुतेकांना ती इंचातली छाती वाटते. पण फॉर्मल शर्टांत 38 आणि 40 च्या मधे 39 ही साईझ मिळते, हे कधी लक्षात आलंय का? छातीच्या मापात एकेका इंचाची साईझ सहसा कोणी काढत नाही. बऱ्याच ब्रँडच्या फॉर्मल शर्टावरचा तो आकडा कॉलरचा असतो, सेंटिमीटरमधला. 39 म्हणजे साधारण साडेपंधरा इंच गळा. छाती, पोट, खांदा, बाही ही बाकीची मापं कंपनी त्या गळ्याच्या हिशेबाने अंदाज बांधून ठरवते, आणि प्रत्येक कंपनीचा अंदाज निराळा. माझ्याकडे आलेले 40 चे शर्ट टेपने मापले तर एकाची छाती 42 इंच भरते, दुसऱ्याची 46. आपल्या लोकांच्या अंगाची देशपातळीवरची मापंच नव्हती; परदेशी तक्त्यांत थोडी कमी-जास्त करून काम चालायचं. म्हणून तर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडिया साईझ’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग अशा सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25,000 हून जास्त लोकांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायची, असं त्याचं स्वरूप. तेव्हा लेबलवरचा आकडा हा सुरुवातीचा अंदाज समजा. एका ब्रँडचा 40 बसला म्हणून दुसऱ्याचा बसेलच असं नाही.

तुम्ही 40 का घेत असाल, हे मला दिसतंय. 39 घातल्यावर पोटावरचं बटण ताणत होतं, दोन बटणांच्या मधे फट पडत होती. म्हणून एक साईझ वर गेलात. पोटाला जागा मिळाली खरी, पण सोबत खांदा बाहेर सरकला, मुंढा, म्हणजे काखेशी बाही जोडतात ती गोलाई, खाली उतरला, बाही अंगठ्यावर आली आणि गळा सैल झाला. एका जागेच्या सोयीसाठी चार जागा बिघडल्या. रेडीमेड खरेदीतली सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो, कारण बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात.

शर्ट घ्यायचा तो खांद्याला. आपल्या खांद्याच्या टोकाला बोटाने दाबून बघा, एक हाड लागतं. तिथून दंड सुरू होतो. बाही जोडल्याची शिवण बरोबर त्या हाडावर बसली पाहिजे. पाव इंच इकडे-तिकडे चालतं. अर्धा-पाऊण इंच खाली दंडावर उतरली की माणूस आहे त्यापेक्षा बुटका आणि उतरत्या खांद्यांचा दिसतो, आणि तुमच्या उंचीला ते लगेच कळतं. शिवण मानेकडे आत गेली तर बाहीच्या वरच्या टोकाला आडव्या सुरकुत्या पडतात आणि हात पुढे केला की पाठ ताणते. खांदा बसवायचा म्हणजे बाही सोडवायची, मुंढा नव्याने कापायचा, बाही त्यात पुन्हा बसवायची. त्याची मजुरी नव्या शर्टाच्या शिलाईच्या जवळ जाते आणि काम पूर्वीसारखं सफाईदार होईलच याची खात्री कुठलाही प्रामाणिक टेलर देणार नाही. कुशी, म्हणजे शर्टाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी, आत घेता येतात, बाही आखूड होते, खालून लांबी कमी होते. खांद्याला मात्र हात लावू नये.

मग पोटाचं काय? तुमच्यासाठी रस्ता असा: ‘स्लिम’मधला 40 घेण्यापेक्षा ‘रेग्युलर’ किंवा ‘कम्फर्ट’ फिटमधला 39 घालून बघा. खांदा तुमचा, पोटाला जागा जास्त. छातीच्या बाजूला कापड फार सुटलं तर कुशीतून थोडं आत घेऊ किंवा पाठीला दोन टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या उभ्या शिवणी, मारू. सुटणारं कापड आत घेता येतं. अपुरं कापड मात्र बाहेर काढता येत नाही, कारण रेडीमेड शर्टाच्या कुशीत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, जवळजवळ नसतेच. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून त्यावर टीप मारलेली असते, उसवलं तरी हाती काही लागत नाही. आम्ही नवीन शिवतो तेव्हा आत अर्धा-पाऊण इंच माया सोडतो. लग्नानंतर वर्षभराने नवरामुलगा शर्ट घेऊन परत येतो तेव्हा तीच माया कामाला येते. रेग्युलरचा 39 सुद्धा पोटावर ताणत असेल, तर तुमच्या बांध्याला शर्ट शिवून घेणंच स्वस्त पडेल. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुंढा. हा भाग गिऱ्हाईक कधीच बघत नाही आणि टेलर सगळ्यात आधी बघतो. काखेतला मुंढा जितका खाली, तितका शर्ट मोकळा, अशी समजूत आहे. अनुभव उलटा आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर केल्यावर फक्त बाही हलते. तो खाली लोंबत असेल तर हात वर गेला की सगळा शर्टच वर ओढला जातो आणि खोचलेलं टोक पँटमधून बाहेर येतं. ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहून हे कळत नाही. बसमधला दांडा धरल्यासारखा एक हात वर करा. मग दोन्ही हात पुढे घेऊन गाडीचं हँडल धरल्यासारखे ठेवा. खोचलेला शर्ट दोन इंचांहून जास्त वर आला तर तो शर्ट तुमच्यासाठी नाही, मग त्यावर किती का सूट असेना.

आरशावरून आठवलं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मास्तर गिऱ्हाईकाला माप देताना आरशाकडे तोंड करून कधी उभं करत नसत. पाठमोरं उभं करायचे आणि गावाकडचा पाऊस, पोरांची शाळा असं काहीतरी विचारत राहायचे. आरसा समोर असला की माणूस श्वास रोखून पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो, आणि मग त्या मापाचा शर्ट दुकानात बसतो, घरी बसत नाही. तुम्हीही रेडीमेड घालून बघताना तेच करत असाल. एकदा खुर्चीत बसा, सैल बसा, आणि पोटावरच्या बटणांकडे बघा. तुम्ही दिवसाचे आठ-नऊ तास बसूनच काढता.

आणखी एक बारकावा. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली असतो. बॅगेचा पट्टा नेहमी एकाच खांद्यावर घेणाऱ्यांचा कधीकधी जास्तच. एका बाजूला कॉलरखाली तिरकी सुरकुती पडत असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर दोष शर्टाचा नाही. शिवून घेताना त्या बाजूला पाव इंच उतार देतात. रेडीमेडमध्ये तेवढं सोडून द्यावं.

बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी; हात कोपरात वाकवल्यावर तिथेच राहिली तर उत्तम. अंगठ्याच्या मुळाशी पोचणारी बाही म्हणजे थोरल्या भावाची बाही. कफ काढून एक-दीड इंच आखूड करता येते, त्याहून जास्त केली की बाहीची पट्टी तोकडी होते आणि तिथलं बटण विचित्र जागी येतं. लांबीचं म्हणाल तर खोचायचा शर्ट सीटच्या खालपर्यंत हवा, तुमच्या उंचीला 29 ते 30 इंच. बाहेर सोडायचा असेल तर 27 च्या आसपास, म्हणजे चेन जिथे असते तिच्या मध्यावर संपणारा. एकच शर्ट दोन्ही प्रकारे घालायचा आग्रह धरला की तो दोन्हीकडे चुकतो. तुमच्याकडे सात-आठ शर्ट असतील तर त्यातले तीन बाहेर सोडायचे म्हणून ठरवून टाका आणि खालचा काठ कापून सरळ करून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पँटमध्ये वेगळी चूक होते, आणि पोट सुटलेल्या जवळजवळ प्रत्येक तरुणाकडून होते. पोट वाढलं तरी कंबरेचा आकडा वाढवायला मन धजत नाही. मग 34 चीच पँट पोटाच्या खाली सरकवून घालतात. कंबर बसते, पण आसन मांड्यांच्या मधे लोंबतं, मागे सीटवर पिशवी झाल्यासारखं दिसतं आणि खाली बुटावर तीन-चार वळकट्या साठतात. पाय आखूड दिसतात, धड लांब दिसतं आणि पोट पट्ट्यावरून पुढे येतं. लपवायला गेलात तेच उठून दिसलं. माझ्याकडे एक प्राध्यापक यायचे, ते दरवेळी पँट आखूड करून मागायचे. तिसऱ्या खेपेला मी त्यांना म्हटलं, सर, लांबी बरोबर आहे, पँट दोन इंच खाली बसतेय. कंबर 36 केली, बेंबीच्या जरा खाली बसेल अशी उंची ठेवली, पुढे एकेक प्लीट, म्हणजे कंबरेखाली घातलेली घडी, दिली. त्याच लांबीची पँट त्यांना बरोबर आली आणि पोट आहे तेवढंच असून कमी दिसू लागलं.

तेव्हा पँट घेताना ‘लो वेस्ट’ लिहिलेलं बाजूला ठेवा आणि ‘मिड राईज’, म्हणजे बेंबीच्या जरा खाली बसणारी, बघा. एक प्लीट असलेली पँट म्हाताऱ्यांची, हा समज सोडा. बसताना मांडी पसरते तेव्हा ती प्लीट उघडते आणि खिसे कानासारखे बाहेर येत नाहीत. पट्टा काढूनही पँट कंबरेवर राहिली पाहिजे. पट्टा आवळून तिच्या चुण्या गोळा होत असतील तर कंबर आत घ्या. मागच्या शिवणीतून दीड-दोन इंच सहज जाते, त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात. फॉर्मल पँटमध्ये मागच्या शिवणीत बहुधा माया असते, म्हणून एक इंच वाढवताही येते. जीन्समध्ये ती सोय नाही.

लांबी ठरवताना जे बूट रोज घालता तेच घालून टेलरकडे जा. चपलेवर मापलेली पँट बुटावर वेगळी पडते. समोर बुटावर एकच हलकी घडी यावी आणि मागे टाचेवर कापड लोळू नये. सुती पँट आणि जीन्स आधी दोनदा धुवा, मगच खालून कापायला द्या. सुती कापड आटतं. नव्याकोऱ्या पँटची लांबी कापून दिली आणि महिन्याभराने घोटे दिसायला लागले, अशी तक्रार माझ्याकडे अनेकदा आलीय. चूक कापणाऱ्याचीही असते, कारण त्यानेच विचारायला हवं. मी आता विचारल्याशिवाय कात्री लावत नाही.

तुम्ही रोज गाडीवर जाता, याचा हिशेब कपड्यात धरावा लागतो. गाडीवर बसलं की पँट दोन इंच वर चढते, म्हणून मोजे पोटरीपर्यंत येणारे घ्या. घोट्याचे मोजे आणि फॉर्मल बूट यांच्या मधली उघडी कातडी सिग्नलला मागच्या माणसाला दिसत असते. फार घट्ट स्ट्रेच पँट गाडीवाल्याची आसनाजवळ आधी उसवते. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसू नका, खिसा कायमचा फुगतो. आणि हेल्मेटचा पट्टा व मानेचा घाम यामुळे कॉलर आतून लवकर काळी पडते. तिथे घासायचा ब्रश जोरात चालवला की कॉलरच्या घडीवर कापड विरतं. रात्री साबणाचं पाणी लावून ठेवा, सकाळी बोटांनी चोळा.

इथवरचं एकदा पक्कं करून घेऊ: शर्ट खांद्याला घ्यायचा, पोटासाठी साईझ न वाढवता फिट बदलायचा, मुंढा हात वर करून तपासायचा, पँट पोटाखाली न सरकवता तिच्या जागी घालायची, आणि लांबी रोजच्या बुटावर ठरवायची. तुमच्या 18-20 हजारांच्या कपड्यांपैकी बरेचसे एवढ्यातच सुधारतील.

टेलरकडे गेल्यावर मात्र ‘फिटिंग करून द्या’ एवढंच म्हणू नका. आमच्या धंद्यात या शब्दाने फार घोळ होतो. वीस वर्षांचा मुलगा म्हणतो तेव्हा त्याला अंगाला चिकटलेलं हवं असतं, पन्नाशीचा म्हणतो तेव्हा नीट बसणारं. कारागीर आपल्या समजुतीने कुशी दाबतो आणि तुम्ही बसल्यावर बटणं ओरडायला लागतात. त्याऐवजी शर्ट घालून उभे राहा, दोन्ही कुशीतून सुटलेलं कापड चिमटीत धरायला सांगा, टाचण्या लावायला सांगा, आणि टाचण्या लावलेल्या असतानाच एकदा खुर्चीत बसा. छातीला तुमच्या अंगापेक्षा चार इंच जास्त घेर राहिला पाहिजे, पोटाला बसल्यावर निदान दोन. हे आकडे सांगितले की टेलरही नीट काम करतो, कारण समोरच्याला काय हवंय ते त्याला कळतं. माझ्या दुकानात कुशी आत घ्यायला शंभर-सव्वाशे रुपये पडतात, पँटची लांबी त्याहून कमी. पुण्यात थोडं जास्त असेल. दोन हजारांच्या शर्टावर एवढा खर्च करायला लोक कचरतात आणि तोच शर्ट कपाटात पडून राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कापडाचं. ‘रिंकल फ्री’ म्हणून घेतलेल्या शर्टाचं आतलं लेबल वाचा. पॉलिस्टर जास्त असेल तर घाम कापडात जिरत नाही. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पुण्याच्या हिवाळ्यात ते खपून जातं, एप्रिल-मेमध्ये हिंजवडीच्या रहदारीत पाठ ओलीचिंब होते. पूर्ण सुती शर्ट जास्त चुरगळतो, हे खरं. मी रोज इस्त्री करायला वेळ असणाऱ्याला पूर्ण सुती सांगतो, नसेल त्याला सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड. मुंबई-पनवेलच्या दमट हवेत राहणाऱ्याला मात्र मी सुतीशिवाय दुसरं सुचवत नाही.

पांढऱ्या किंवा फिक्या शर्टाखाली पांढरं बनियन घालायची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तेच बाहेरून ठळक दिसतं, खांद्यावरच्या पट्ट्यांसकट. फिक्या शर्टाखाली कातडीच्या रंगाशी मिळतं किंवा फिकट राखाडी बनियन घाला, ते दिसत नाही. वरचं बटण उघडं ठेवत असाल तर व्ही गळ्याचं घ्या. काखेत पिवळे डाग पडत असतील तर ते बरेचदा घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधल्या ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या संयोगाने पडतात. त्यावर ब्लीच ओतू नका, पिवळेपणा वाढतो. रोल-ऑन लावल्यावर पाच मिनिटं सुकू द्या आणि मग शर्ट घाला.

धुण्या-वाळवण्यात कपडे जितके खराब होतात तितके घालून होत नाहीत. शर्ट दोरीवर खांद्याला चिमटे लावून टाकला की तिथे टोकं उभी राहतात आणि इस्त्रीनेही जात नाहीत. खालच्या घेराला चिमटे लावा, उलटा करून सावलीत. कॉलरच्या टोकात प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर त्या आधी काढून ठेवा. कॉलर इस्त्री करताना टोकांकडून मधे या, मधून टोकांकडे गेलात तर टोकाशी चुणी जमते. गडद पँट उलटी करून किंवा वर ओला रुमाल टाकून इस्त्री करा, नाहीतर गुडघ्यावर आणि सीटवर चकाकी येते आणि ती परत जात नाही. स्ट्रेच कापडावर कडक इस्त्री आणि कडक ऊन दोन्ही नको, आतला लवचिक धागा मरतो आणि गुडघे फुगतात.

रंगांचं मी फार बोलत नाही, कारण त्यात माणसाची आवड असते. एवढंच सांगतो, गडद निळी आणि राखाडी अशा दोन पँटी असतील तर फिकट निळा, पांढरा, बारीक रेघांचा असा कुठलाही शर्ट त्यांवर जातो. मोठ्या चौकड्या घ्यायच्या झाल्या तर खिशावरची चौकट छातीच्या चौकटीशी जुळते का, पुढच्या पट्टीवर रेघ तुटते का, ते बघा. तिथे कारागिराची सफाई कळते. ब्रँड बदलायची गरज नाही, खांदा ज्या ब्रँडचा बसतो तो धरून ठेवा.

ब्लेझर असेल तर बाहीवरचं शिवलेलं लेबल आणि मागच्या कटावरचा फुलीचा टाका उसवून टाका. ते दुकानात आकार टिकावा म्हणून घातलेले असतात, आणि कित्येक नवरदेव फोटोत ते तसेच घेऊन उभे असतात. खालचं बटण लावू नका. खांद्याची परीक्षा भिंतीजवळ उभं राहून करा: दंड भिंतीला टेकायच्या आधी ब्लेझरचा खांदा दबला तर तो मोठा आहे.

बुटांचं एकच: महागडे नकोत, पुसलेले हवेत, आणि टाच एका बाजूने झिजली की लगेच बदलून घ्या. गणपतीत ऑफिसला कुर्ता घालाल तेव्हा तो गुडघ्यापर्यंत असू द्या आणि छातीला चार-पाच इंचांहून जास्त सैल नको, खांद्याचा नियम तिथेही तोच. त्यावर स्पोर्ट्स शूज घालू नका. आमच्या भागातली कोल्हापुरी घ्या. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात सांगली जिल्हाही येतो. फक्त सणाच्या आदल्या दिवशी आणून दिवसभर घालू नका, आठवडाभर घरात रोज अर्धा तास घालून ती पायाला मऊ होऊ द्या आणि पाण्यापासून लांब ठेवा.

आता या रविवारी कपाटातले सगळे शर्ट बाहेर काढा आणि एकेक घालून फक्त खांद्याची शिवण बघा. ज्यांची शिवण दंडावर उतरलीय ते वेगळे ठेवा, त्यांच्यावर आल्टरेशनचा पैसा घालू नका. तुमच्यापेक्षा रुंद खांद्याच्या कुणाला तरी ते चांगले होतील. उरलेल्यांतला एकच शर्ट आधी टेलरला द्या. तो आल्यावर एक दिवस ऑफिसला घालून जा, गाडीवर, खुर्चीत, जेवण झाल्यावर कसा वाटतो ते बघा. ठीक वाटला तर त्याच मापाने बाकीचे टेलरकडे द्या.